भाच्याच्या लग्नाआधी घरी केस रंगवायचेत, शेड कोणती घ्यावी?

ताई, बाकीच्यांनाही समजावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय ४६, रंग गव्हाळ, केस खांद्याच्या खाली चार बोटं. भांग आणि दोन्ही कानशिलं धरून साधारण तिसरा हिस्सा केस पांढरे. सहा वर्षं घरी मेंदी लावत होतात, चार महिन्यांपूर्वी सोडली. तीन आठवड्यांनी भाच्याचं लग्न आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीची बर्गंडी डोळ्यांत भरली आहे, घरचे म्हणतात सरळ काळा कर, आणि तुम्हाला पार्लरला न जाता घरीच उरकायचं आहे.

माझं म्हणणं असं: काळा नको आणि नुसती बर्गंडीही नको. ४ नंबरचा साधा ब्राऊन घ्या. लालसर झाक हवीच असेल तर त्यात थोडी महोगनी मिसळा. पण खोकं आणायच्या आधी पुढचं सगळं वाचा, कारण तुमच्या डोक्यात सहा वर्षांची मेंदी आहे आणि ती गप्प बसणार नाही.

मी डोंबिवलीत सव्वीस वर्षं पार्लर चालवते. घरी रंगवू नका असं मी कुणाला सांगत नाही. माझ्याकडच्या कितीतरी बायका महिन्याआड घरीच टचअप करतात आणि नीट करतात. बिघडतं ते लावण्यात कमी आणि शेड निवडण्यात जास्त. दुकानात खोकं हातात धरून आपण विचार करतो तो पहिल्या दिवसाचा. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळेच रंग बरे दिसतात, केस चकचकीत असतात, घरातले वा वा करतात. मी विचार करते पंचविसाव्या दिवसाचा. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे पंचविसाव्या दिवशी भांगात सेंटीमीटरभर नवा केस आलेला असतो आणि तुमच्या बाबतीत त्यातले पुष्कळसे पांढरे. बाकीचं डोकं काळंभोर असेल तर ती रेघ चुन्याने आखल्यासारखी दिसते. बाकीचं डोकं ब्राऊन असेल तर आठ-दहा दिवस तरी ती खपून जाते, समोरच्याला वाटतं उजेड पडलाय.

काळ्याची दुसरी अडचण चेहऱ्याची आहे. आपला विशीतला नैसर्गिक काळाही खरं तर गडद ब्राऊनच असतो. एक केस उन्हात धरून बघा, तांबूस दिसेल. खोक्यातला १ नंबरचा काळा तसा नसतो. तो एकसारखा, सपाट, कित्येकदा निळसर असतो. चाळिशीनंतर भुवया विरळ होतात, डोळ्यांखाली थोडी सावली येते, त्वचेचा तजेला कमी होतो. अशा चेहऱ्याभोवती गडद काळी चौकट आली की त्या सगळ्या सावल्या उठून दिसतात. (नवरोबांनी मिशीला लावलेला काळा कलप आठवा. आधी मिशी दिसते, मग माणूस.) शिवाय काळा चढत जातो. दर वेळी मुळांपासून शेंड्यापर्यंत लावला की शेंडे शाईसारखे होतात, आणि नंतर ब्राऊनवर यायचं म्हटलं तरी येता येत नाही. आमच्या धंद्यात सांगतात, कलरवर कलर उघडत नाही. एकदा बसलेला कृत्रिम काळा दुसऱ्या खोक्यातल्या ब्राऊनने फिकट होत नाही. त्याला ब्लीच किंवा कात्री लागते.

आता बर्गंडी. तुमच्या मैत्रिणीचे केस बहुधा काळेच असणार, पांढरे नसतील किंवा अगदी तुरळक. काळ्या केसावर बर्गंडी नुसती झाक देते, घरात काळी वाटते आणि उन्हात वाइनसारखी चमकते. तीच बर्गंडी पांढऱ्या केसावर पडली की तिला अडवायला खाली काहीच नसतं. जांभळट, कधीकधी चक्क राणी रंगाची बट निघते. तुमचे पांढरे केस नेमके भांगात आणि कानशिलांवर, म्हणजे चेहऱ्याच्या अगदी शेजारी. मागे काळसर केस आणि पुढे दोन्ही बाजूंना बीटरुटाचे पट्टे, हे चित्र मी दर लग्नसराईत बघते. आणि लाल रंग उतरतोही सगळ्यांत आधी. पंधरा-वीस वेळा केस धुतले की त्या बटा फिक्या गुलाबी-तपकिरी होऊन बसतात.

खोक्यावरचा आकडा वाचायला शिका, मॉडेलचा फोटो बघू नका. पहिला आकडा गडदपणाचा असतो. १ म्हणजे काळा, ३ गडद ब्राऊन, ४ ब्राऊन, ५ फिका ब्राऊन, असं करत १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपले भारतीय केस बहुतेक १ ते ३ मध्ये बसतात. टिंबानंतरचा आकडा छटेचा. बऱ्याच कंपन्यांत १ म्हणजे राखी, ३ सोनेरी, ४ तांबूस, ५ महोगनी, ६ लाल. काहींची पद्धत वेगळी असते, म्हणून शेजारी लिहिलेलं नावही वाचायचं. बर्गंडीच्या खोक्यावर कित्येकदा ३.१६ दिसतं. ३ चा गडद पाया, राखीतली निळसर झाक आणि लाल, या दोन्हींचा मिळून तो जांभळट रंग होतो. टिंबानंतर काही नसेल किंवा शून्य असेल तर ती साधी, नैसर्गिक शेड. पांढरे केस झाकायचं काम खरं हीच शेड करते. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पांढरे असतील तर मिश्रणात किमान अर्धा भाग साधी शेड घेतल्याशिवाय फॅशनचा रंग आम्ही लावतच नाही. तुमचे तिसरा हिस्सा आहेत, पण पुढे एकवटलेले आहेत, म्हणून तुम्हालाही तोच नियम लागू.

सोनेरी ब्राऊनचाही मोह होईल, म्हणून तेही सांगते. घरच्या खोक्यातला डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड, बहुधा ६ टक्क्यांचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा असतो. तो काळा केस एक-दोन पायऱ्याच उघडतो. आणि आपला काळा केस उघडला की आतून आधी लाल निघतो, मग केशरी, पिवळा फार पुढे. म्हणून ६ नंबरचा गोल्डन ब्राऊन लावला की आपल्या काळ्या केसावर मिळतो तो तांबूस चॉकलेटी, खोक्यावरचा मधासारखा रंग नाही. मधासारखे होतात ते फक्त पांढरे केस. म्हणजे परत दोन रंगांचं डोकं. स्वतःच्या मूळ रंगापासून दोन पायऱ्यांच्या आत राहायचं, हा घरी रंगवणाऱ्यासाठी माझा एकमेव कडक नियम आहे.

आता मेंदीकडे वळते. २००९ साली मी माझ्याच नणंदेचे केस बिघडवले होते, त्यामुळे हे शिकलेलं पक्कं आहे. तिला गोल्डन ब्राऊन हवा होता. ती मेंदी लावायची हे मला माहीत होतं, पण कशी कालवायची हे मी विचारलं नाही. ती लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, आवळकाठी पूड घालून रात्रभर भिजवायची, आपल्याकडे निम्म्या घरांत भिजवतात तशी. मी मुळांपासून खालपर्यंत एकदम रंग लावला आणि पस्तीस मिनिटांनी धुतला. टाळूजवळ दोन बोटं झळझळीत तांबडं, त्याखाली सगळं होतं तसं काळपट. डोक्याला मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसत होतं. नव्या केसात मेंदी नव्हती, तो उघडला. त्यात टाळूची ऊब, तिथे रंग लवकर चढतो. खालच्या केसात मेंदी आणि लोखंडाचा थर, तिथे रंग आत शिरलाच नाही. तिने मला काही म्हटलं नाही, पण त्या वर्षी दिवाळीला ती आलीही नाही.

म्हणून तुम्हाला विचारते, पाकीट कोणतं होतं आणि कशात भिजवत होतात? शुद्ध मेंदी पांढऱ्या केसाला फक्त केशरी रंग देते. तिच्यातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य केसाच्या केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याला, चिकटतं आणि धुऊन जात नाही, केस वाढेल तसं खाली सरकतं. नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत. पाकिटावर 'काळी मेंदी' किंवा 'बर्गंडी मेंदी' लिहिलं असेल तर आत निळीचं पान तरी असतं नाहीतर पीपीडी, म्हणजे केमिकल डायच. अशा कितीतरी पाकिटांवर पान-फुलांची चित्रं असतात आणि मागे बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे हेच पीपीडी. काही मिश्रणांत धातूचे क्षारही असतात. त्यांच्यावर डेव्हलपर पडला तर केस गरम होतात, तुटतात, हिरवट होतात.

हे ओळखायला घरच्या घरी एक काम करा. चार-पाच दिवस कंगव्यात आलेले केस गोळा करा, त्यात मेंदीचा भाग असेलच. नाहीतर मानेजवळून, आतल्या थरातून पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक बट कापा. एका टोकाला पांढरा दोरा घट्ट बांधा. चमचाभर रंग आणि खोक्यावर दिलेल्या प्रमाणात डेव्हलपर काचेच्या वाटीत कालवून ती बट त्यात बुडवा आणि खोक्यावर दिलेला पूर्ण वेळ ठेवा. मधे हातमोजा घातलेल्या बोटाने दाबून बघा. बट कोमट लागली, फेस आला, वाफ वाटली तर तिथेच थांबा, हे केस घरी रंगवायचे नाहीत. तसं काही झालं नाही तर धुवा, वाळवा आणि खिडकीत उजेडात धरा. पांढरा केस कसा झाला, मेंदीचा कसा झाला, काळा कसा झाला, तीनही वेगवेगळे दिसतील. खोक्यामागच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा हा दोरा बांधलेला झुबका खरं बोलतो.

त्याच दिवशी पॅच टेस्ट. ही टाळायची नाही, आधी कधी डाय लावला असला तरीही. खोक्यातल्या कागदावर दिल्याप्रमाणे थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास वाट बघा. खाज, पुरळ, सूज यांतलं काही दिसलं तर तो रंग तुमचा नाही. बायका मला सांगतात, मी अमोनिया-फ्री घेतलाय, मला चालेल. अमोनिया नसला म्हणजे पीपीडी नसतं असं नाही. अमोनियाच्या जागी दुसरा अल्कली असतो आणि वास कमी येतो, एवढंच. जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून हाताला फोड आलेले असतील तर पीपीडीवाल्या डायच्या वाट्याला जाऊच नका, कारण त्या काळ्या मेंदीतही बहुधा तेच असतं आणि दुसऱ्या वेळी त्रास जास्त होतो.

राहिलं रंगरूप. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी हे शब्द वधू-वरांच्या जाहिरातींत ठीक आहेत, केसांच्या रंगासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. दोन गव्हाळ बायकांना एकच शेड शोभेल असं काही नसतं. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या असं इंटरनेटवर बघायला सांगतात. आपल्या कातडीवर ते धड कळत नाही, मला स्वतःच्या मनगटावरही कळत नाही. मी साड्या लावून बघते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीसमोर बसा, ट्यूबलाइट बंद. चेहरा धुतलेला, टिकली-लिपस्टिक काही नाही. केस पांढऱ्या पंचात गुंडाळा म्हणजे त्यांचा रंग मधे येणार नाही. मग हनुवटीखाली आधी राणी रंगाचा पदर धरा, नंतर गाजरी किंवा हळदी रंगाचा. पदराकडे बघायचं नाही. डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बघायचं. ज्या पदराने तिथला काळसरपणा कमी वाटतो, तो तुमचा. गाजरी-हळदी जिंकला तर ब्राऊनमध्ये सोनेरी किंवा तांबूस झाक चालेल. राणी जिंकला तर महोगनी किंवा अगदी थोडी बर्गंडी. दोन्ही सारखेच दिसले, आणि पुष्कळदा दिसतात, तर साधा ४ नंबर, पुढचा विचार नको. सावळ्या रंगाला राखी शेड पांढऱ्या केसांवर मळकट दिसते हे मात्र लक्षात ठेवा. उलट मेंदीने केस फार केशरी झाले असतील तर थोडी राखी ते केशरी मारते.

तुम्ही लिहिलंय की लग्नात जांभळी पैठणी नेसणार आहात, म्हणून बर्गंडी सुचली. ताई, पैठणी एक दिवस नेसायची, केस वर्षभर मिरवायचे. शिवाय लग्नात अंबाडा घालणार, त्यावर गजरा. दिसणार काय, तर भांग, कपाळावरची महिरप आणि कानशिलं, जेमतेम तीन-चार इंच. तेवढे नीट झाले की काम झालं.

तुमच्यासाठी मी का महोगनी म्हणते तेही सांगते. चार महिन्यांचा वाढलेला केस, म्हणजे चार-पाच सेंटीमीटर, मेंदीशिवायचा आहे. त्याखाली मेंदीचा लालसर भाग. वर निव्वळ ४ नंबर लावला तर वरचा भाग थोडा थंड आणि खालचा उबदार, असा जोड दिसेल. दोन भाग साध्या ४ मध्ये एक भाग महोगनी घातली की वरचा रंग खालच्याकडे झुकतो आणि जोड लपतो. पदराच्या परीक्षेत गाजरी जिंकला तरी इथे मी महोगनीच घेईन, जोडाचा प्रश्न मोठा आहे. दोन्ही खोकी एकाच कंपनीची आणि एकाच प्रकारची घ्या. एकाची क्रीम आणि दुसऱ्याचा डेव्हलपर असं करायचं नाही. दोन खोकी लागतीलच, तुमच्या लांबीला एक पुरणार नाही.

वेळापत्रक सोपं आहे. या आठवड्यात पॅच टेस्ट आणि बटेची परीक्षा. रंग लग्नाच्या पाच-सहा दिवस आधी. आत्ताच लावलात तर लग्नापर्यंत पांढरी रेघ परत डोकावेल. आदल्या दिवशी लावलात तर कपाळावरचे डाग जाणार नाहीत आणि काही चुकलं तर सावरायला वेळ नाही. पाच-सहा दिवसांत दोनदा केस धुतले जातात आणि रंगाचा पहिला करकरीतपणा मोडतो. आतापासून लग्नापर्यंत स्मूदनिंग वगैरे काही करून घेऊ नका.

लावताना केस आदल्या दिवशी धुतलेले आणि कोरडे असावेत, तेल थापलेले नकोत. कपाळ, कान आणि मानेच्या कडेला व्हॅसलीन. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची. आमच्या आईच्या पिढीत पुडी वाटीत कालवून जुन्या टूथब्रशने लावायच्या. तो टूथब्रश मी अजूनही सांगते, कानशिलावरच्या आखूड केसांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सुरुवात तिथूनच करा, कारण पांढरा केस चिवट असतो, तिथला रंग जास्त वेळ राहायला हवा. मग भांग, मग डोक्याचे चार भाग करून बोटभर पातळ थर घेत फक्त मेंदीशिवायचा भाग. खालच्या मेंदीच्या केसांना शेवटची दहा मिनिटं, उरलेला रंग बारीक फणीने ओढून. पूर्ण वेळ खोक्यावर दिलाय तेवढाच. वीस मिनिटांनी आरशात फार गडद दिसेल आणि धुवावंसं वाटेल, तसं करू नका. ओला रंग वाटीत आणि डोक्यावर नेहमीच जास्त काळा दिसतो. अर्ध्यात धुतला तर पांढरे केस नीट पकडलेले नसतात आणि आठवड्यात उघडे पडतात.

पुढच्या वेळी, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी, फक्त नवीन वाढलेला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रंगवायचा. खालचा रंग फिका वाटला तर शेवटची पाच मिनिटं, तीही दर खेपेला नको. बोअरचं जड पाणी असेल तर रंग लवकर निस्तेज होतो, निदान शेवटचे दोन तांबे साध्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्या. उरलेलं मिश्रण टाकून द्या. झाकण लावून बाटलीत ठेवलं तर आत वायू साठून बाटली फुटू शकते, माझ्या एका गिऱ्हाईकाच्या बाथरूमच्या टाइल्सवर अजून डाग आहेत.

आणि एवढं करून रंग गडद वाटलाच तर घाबरून ब्लीच आणू नका. पहिल्या दोन दिवसांत साध्या शाम्पूने दोन-तीनदा धुतलं की थोडा उतरतो. तो दोरा बांधलेला झुबका वाळला की दिवसा खिडकीत धरून फोटो काढा आणि इथे टाका. मेंदीचं पाकीट जपून ठेवलं असेल तर त्याच्या मागच्या बाजूचाही टाका, मग महोगनी घालायची की नुसता ४ नंबर ठेवायचा ते नक्की सांगते.